दप्तर तेच, दिवाणजी नवा : डेटाबेसची आवृत्ती बदलताना नेमकं काय होतं

सोमवारी सकाळी पावणेअकराला शाखेतून फोन आला. "सर, १२-७ चं पिग्मी खातं दिसत नाहीये. खातेदार समोर उभे आहेत, पैसे काढायचेत त्यांना."

"नाव टाकून बघा ना मॅडम."

"नाव टाकलं की दिसतंय. बाकीसुद्धा बरोबर आहे. नंबर टाकला की 'खाते सापडले नाही' म्हणतंय."

मी एका पतसंस्थेचा डेटाबेस सांभाळतो. शनिवारी रात्री तो जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर आणला होता आणि त्याच रात्री पोस्टग्रेस या डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ९.६ आवृत्तीवरून १६ वर नेला होता. रविवारचा सगळा दिवस तपासण्यात घालवला. प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजल्या, जुळल्या. ठेवींची बेरीज पैशापर्यंत जुळली, तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाकींचा ताळा, तीही जुळली. रात्री शांत झोप लागली. आणि आता एक खातं नावानं हाक मारली की ओ देत होतं, नंबरानं मारली की नाही.

हे का झालं ते कळायला डेटाबेस सर्व्हर आतून कसा काम करतो हे थोडं बघावं लागेल. अवघड नाही. ज्यांनी जुन्या पेढीवर किंवा गावच्या सोसायटीत हाताने हिशेब लिहिताना पाहिलेत त्यांना तर फारच सोपं जाईल.

कीर्द, खतावणी आणि वह्यांची वही

व्यवहार झाला की दिवाणजी आधी कीर्दीत नोंद करतो, ज्या क्रमानं व्यवहार झाले त्याच क्रमानं. मग सवडीनं त्या नोंदी खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. पोस्टग्रेस अगदी हेच करतं. प्रत्येक बदल आधी एका सलग लॉगमध्ये लिहिला जातो, त्याला 'वॉल' म्हणतात, आणि टेबलांच्या फायली नंतर मागून अद्ययावत होतात. मध्येच लाईट गेली तर सर्व्हर पुन्हा उठताना कीर्द वाचतो आणि खतावणीत राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतो.

जाता जाता एक गंमत. ही कीर्द डिस्कवर ज्या फोल्डरात असते त्याचं नाव पूर्वी 'पीजी-एक्सलॉग' होतं. डिस्क भरली की लोक 'लॉग' शब्द बघून ते फोल्डर खुशाल रिकामं करायचे आणि आपला डेटाबेस स्वतःच्या हातानं मारायचे. म्हणून १० व्या आवृत्तीत त्याचं नाव 'पीजी-वॉल' केलं. चांगलंच केलं, पण ज्यांच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनं नाव लिहिलेलं होतं त्यांच्या स्क्रिप्ट त्या उडीत मोडल्या. आमचीही मोडली, सुदैवानं रंगीत तालमीत.

खतावणीशिवाय आणखी दोन गोष्टी असतात. एक सूची, म्हणजे इंडेक्स: अमुक नंबरचं खातं कोणत्या पानावर, हे सांगणारी. दुसरी कॅटलॉग, म्हणजे वह्यांची वही: टेबलं किती, कोणात कुठले रकाने, कोणाला काय बघायची परवानगी.

थोडक्यात, डिस्कवरच्या फायली म्हणजे दप्तर आणि पोस्टग्रेस हा प्रोग्रॅम म्हणजे दिवाणजी. आवृत्ती बदलणं म्हणजे दिवाणजी बदलणं.

हा बदल दोन प्रकारचा. १६.३ वरून १६.४ वर जाणं म्हणजे त्याच दिवाणजीनं चष्म्याचा नंबर बदलून येणं. प्रोग्रॅम बंद करायचा, नवा टाकायचा, चालू करायचा. दप्तराला हात लागत नाही. या किरकोळ आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात, त्यात सुरक्षेच्या आणि चुकांच्या दुरुस्त्या असतात, आणि त्या न घेण्यात काडीचा शहाणपणा नाही. पण १५ वरून १६ वर जाणं म्हणजे खरंच नवा माणूस. त्याला जुनं दप्तर जसंच्या तसं वाचता येत नाही.

सर्व्हर हे स्वतःच ओळखतो. दप्तराच्या फोल्डरात एक इवलीशी फाइल असते, तिच्यात फक्त आवृत्तीचा आकडा. नवा सर्व्हर ती आधी वाचतो, आकडा आपला नसेल तर 'हे दप्तर माझं नाही' असं सांगून उठायलाच नकार देतो. पहिल्यांदा हा नकार पाहिला की पोटात गोळा येतो. खरं तर तो तुमच्या भल्यासाठीच असतो.

१० व्या आवृत्तीच्या आधी आकड्यांची पद्धत वेगळी होती. ९.५ वरून ९.६ हा किरकोळ वाटणारा बदलही मोठाच असे. ऑक्टोबर २०१७ मध्ये १० आली तेव्हापासून पहिला आकडा बदलला की मोठा बदल, असा सरळ हिशेब झाला. मोठी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. आमची ९.६ सप्टेंबर २०१६ ची. तिच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२१ मध्ये थांबल्या. तरी आम्ही २०२४ पर्यंत तिच्यावरच होतो, कारण "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा." शेवटी हलावं लागलं ते पोस्टग्रेसमुळे नव्हे. ज्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीवर ते चालत होतं तिचाच आधार ३० जून २०२४ ला संपला, म्हणून.

नेण्याचे रस्ते

पहिला रस्ता सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा. जुन्या दिवाणजीकडून सगळं दप्तर साध्या भाषेत वाचून घ्यायचं आणि नव्याला ते पहिल्या पानापासून लिहायला लावायचं. 'पीजी-डंप' नावाचं साधन हेच करतं: टेबलं कशी बनवायची आणि त्यात काय भरायचं याच्या सूचनांची एक लांबलचक फाइल काढतं. नवा सर्व्हर ती वाचून सगळं नव्यानं उभारतो, सूचीसुद्धा नव्यानं. हा सूचीचा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. तोटा एकच, वेळ. आमचा डेटाबेस साठेक जीबीचा, बराचसा भाग सह्यांच्या नमुन्यांच्या स्कॅनचा. तालमीत या रस्त्यानं साडेपाच तास लागले. शनिवारच्या एका रात्रीत ते बसलं असतं, हे आता कळतंय.

या रस्त्याचा एक नियम आहे: डंप काढायचं साधन नव्या आवृत्तीचं वापरा. नव्याला जुन्याची भाषा येते, जुन्याला नव्याची येत नाही. जुन्या डंपनं नव्या सर्व्हरला हात घातला तर तो सरळ नकार देतो. हा नियम कागदावर क्षुल्लक दिसतो. गिटलॅब या कंपनीनं तो किती महागात पडतो हे स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलंय. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरचं समजून मुख्य सर्व्हरचंच डेटाचं फोल्डर उडवलं. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपच नाही. सर्व्हर ९.६ चा, पण रोज रात्री डंप काढणारं साधन ९.२ चं चालत होतं. ते रोज नकार देत होतं, आणि तो नकार कळवणारी ईमेलंही वाटेतच अडत होती. दुसऱ्या कामासाठी सहा तास आधी घेतलेली डिस्कची एक प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. आवृत्ती बदलली की बॅकअपचं साधनही बदलतं, आणि ते बदललंय का हे बॅकअप परत उभा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा रस्ता 'पीजी-अपग्रेड'. यामागची युक्ती छान आहे. मोठ्या आवृत्तीत बदलते ती मुख्यतः वह्यांची वही. खतावणीची पानं, म्हणजे टेबलांच्या फायलींची आतली मांडणी, वर्षानुवर्षं तीच राहिली आहे. मग सगळं नव्यानं कशाला लिहायचं? हे साधन फक्त कॅटलॉग नव्यानं बनवतं आणि जुन्या खतावण्या आहेत तशा नव्याच्या कपाटात ठेवतं. ठेवणंही दोन प्रकारचं. एकात फायलींची प्रत काढली जाते. दुसऱ्यात, ज्याला लिंक म्हणतात, प्रत न काढता एकाच फाइलला दोन नावं दिली जातात, एक जुन्या फोल्डरातलं, एक नव्या. लिंकनं प्रचंड डेटाबेसही काही मिनिटांत होतो, कारण वेळ डेटाच्या आकारावर नव्हे तर टेबलांच्या संख्येवर ठरतो. पण एकाच वहीवर दोन दिवाणजींची नावं लागलेली असतात. नव्यानं एकदा का त्या वहीत लिहायला सुरुवात केली की जुन्याला पुन्हा बसवता येत नाही.

आधी 'चेक' लावून हे साधन कोरडं चालवता येतं. काही न बदलता अडचणी सांगतं. आमच्याकडं त्यानं एक जुनं टेबल दाखवलं, १२ व्या आवृत्तीतून काढून टाकलेल्या सोयीवर बांधलेलं. दहा मिनिटांची दुरुस्ती. कोरडी फेरी न करता कोणी शनिवारी रात्री थेट बसत असेल तर त्याला माझा नमस्कार.

तिसरा रस्ता मोठ्यांचा. जुना सर्व्हर चालू ठेवायचा, शेजारी नवा उभा करायचा आणि जुन्याकडे होणारी प्रत्येक नोंद नव्याकडे पाठवत राहायची. दोघं बरोबरीला आले की क्षणभर काम थांबवून सगळ्यांना नव्याकडे वळवायचं. याला लॉजिकल रेप्लिकेशन म्हणतात. जिथं पाच मिनिटं बंद ठेवणंही परवडत नाही तिथं हाच रस्ता. पोस्टग्रेसच्या पोटात तो १० व्या आवृत्तीपासून आला, त्यामुळे ९.६ वरून निघणाऱ्या आम्हाला तो सरळ मिळणारच नव्हता. आणि त्यात एक खाच आहे. ओळी पाठवल्या जातात, पण पुढचा पावती क्रमांक कोणता द्यायचा हे सांगणारे मोजणीयंत्र, म्हणजे सीक्वेन्स, पाठवले जात नाहीत. ते हातानं पुढे सरकवायला विसरलात तर नवा सर्व्हर पहिली पावती १ नंबरची फाडायला जातो.

आम्ही दुसरा रस्ता घेतला, प्रत काढून. चाळीस मिनिटांत काम झालं. मी खूश.

१२-७ कुठे गेलं

आमच्या पिग्मी खात्यांचे नंबर असे: आधी एजंटचा क्रमांक, मग छोटी आडवी रेघ, मग खात्याचा क्रमांक. १२-७ म्हणजे बारा नंबरच्या एजंटचं सातवं खातं. मध्ये रेघ आहे म्हणून डेटाबेसच्या लेखी तो आकडा नाही, मजकूर आहे. आणि मजकुराचा क्रम लावायचा तर नियमावली लागते.

ही नियमावली पोस्टग्रेसची स्वतःची नसते, निदान नेहमीच्या मांडणीत तरी. ती लिनक्सच्या 'जी-लिब-सी' या पायाभूत ग्रंथालयातून, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या संचातून, उसनी घेतलेली असते. ऑगस्ट २०१८ मध्ये या ग्रंथालयाची २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात क्रम लावायची नियमावली मोठ्या प्रमाणावर बदलली. सेंटओएस ७ जुन्या नियमावलीचं, आमचं नवं मशीन नव्या.

फरक काय? जुनी नियमावली क्रम लावताना आधी रेघेकडे दुर्लक्ष करायची. तिच्या दृष्टीनं १-२७ आणि १२-७ दोन्ही १२७ सारखेच, म्हणून शेजारी शेजारी. मग १-२८ आणि १२-८ शेजारी. नवी नियमावली रेघ मोजते आणि अंकांच्या आधी धरते. म्हणजे एक नंबरच्या एजंटची सगळी खाती आधी, बारा नंबरवाल्याची त्यानंतर, वेगळ्या गठ्ठ्यात. माणसाला नवा क्रमच शहाणा वाटेल. पण सूची लिहिलेली होती जुन्या क्रमानं.

आता सूचीत शोधतात कसं ते पाहा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्येच कुठेतरी उघडतो, हवा तो शब्द आधी येतो की नंतर हे पाहून डावी किंवा उजवी बाजू धरतो, आणि असं निम्मं-निम्मं करत पोचतो. इंडेक्समध्ये सर्व्हरही हेच करतो. १२-७ शोधताना समोर १-२८ आलं. जुन्या नियमानं १२-७ त्याच्या आधी. नव्या नियमानं नंतर. नवा दिवाणजी नव्या नियमानं उजवीकडे गेला, खातं होतं डावीकडे. शेवटच्या पानापर्यंत प्रामाणिकपणे शोधून त्यानं सांगितलं, "नाही." तो खोटं बोलत नव्हता.

काही नंबर सापडत होते, काही नाही, हेही त्यामुळेच. मधल्या तुलना योगायोगानं दोन्ही नियमांत सारख्या निघाल्या तर रस्ता बरोबर पडतो. आणि रविवारची माझी तपासणी का पास झाली तेही उघड आहे. ओळी मोजणं, बेरजा करणं, तेरीज काढणं, या कामांना सर्व्हर सहसा सूची वापरत नाही, खतावणी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत उलटतो. खतावणी ठणठणीत होती. आजारी होती ती सूची, आणि मी तिची नाडी बघितलीच नव्हती.

पहिल्या रस्त्यानं, डंप काढून गेलो असतो तर सूची नव्या मशीनवर नव्या नियमानं लिहिली गेली असती आणि हा लेख झाला नसता. दुसऱ्या रस्त्यानं जाऊनही मशीन तेच ठेवलं असतं तरी नसता झाला. वेगवान रस्ता आणि नवं मशीन, हे दोन्ही एकत्र आले तिथं घात झाला. पोस्टग्रेस सोडून नुसतं लिनक्स बदललं तरी हेच होतं, आणि ते जास्त फसवं, कारण डेटाबेसला आपण हातही लावलेला नसतो.

तुमचं मशीन कोणत्या बाजूचं आहे हे बघायला अर्धं मिनिट लागतं. एका फाइलीत दोन ओळी लिहा, १-१ आणि ११, इंग्रजी अंकांत. लिनक्सच्या 'सॉर्ट' आज्ञेला त्या अमेरिकन इंग्रजीच्या लोकेलमध्ये, म्हणजे त्या भाषेच्या नियमांनी, लावायला सांगा. ११ आधी आलं तर जुनी नियमावली, १-१ आधी आलं तर नवी. जुन्या आणि नव्या मशीनवर उत्तर वेगळं आलं तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स नव्यानं बांधायचे, 'रीइंडेक्स' करून. आकड्यांवरचे आणि तारखांवरचे इंडेक्स यात येत नाहीत, दोन आणि तीनचा क्रम कोणी बदलत नाही. 'एमचेक' नावाचं एक जोडसाधन पोस्टग्रेसबरोबरच येतं, ते सूचीतल्या नोंदी आजच्या नियमानं खरंच क्रमात आहेत का ते तपासून देतं. १५ व्या आवृत्तीपासून सर्व्हर डेटाबेसच्या मूळ नियमावलीची आवृत्ती टिपून ठेवतो आणि बदल दिसला तर इशारा देतो. पण ९.६ नं ती टीप ठेवलेलीच नव्हती, तर इशारा कशाच्या जोरावर देणार?

मराठी मजकुराला हा क्रमाचा प्रश्न तसाही जुनाच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर, म्हणून यादीत कावळे आधी आणि काळे नंतर यायला हवेत. पण युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ळ बसलाय ल ला लागून, व च्या आधी. नुसत्या तक्त्याच्या क्रमानं लावलं तर काळे पुढे सरकतात. क्ष ची तऱ्हा आणखी वेगळी. तो तक्त्यात स्वतंत्र अक्षर नाहीच, क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांचा आहे, म्हणून क्षीरसागर जाऊन क च्या रांगेत उभे राहतात. वार्षिक सभेची सभासद यादी छापताना "नावं उलटसुलट का आली" असं कोणी विचारलं तर उत्तर बहुतेक इथं असतं.

बाकीच्या खाचा

नव्या दिवाणजीला दप्तराचा अंदाज नसतो. कोणत्या टेबलात किती ओळी, कोणत्या रकान्यात कोणती मूल्यं जास्त, अशा अंदाजांवरून सर्व्हर ठरवतो की सूची बघायची की सगळी वही उलटायची. ही आकडेवारी पीजी-अपग्रेडबरोबर येत नसे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीनं ती आणायला सुरुवात केली. त्याआधीच्यांनी अपग्रेड होताच 'अ‍ॅनालाइझ' चालवायचं. हे टप्प्याटप्प्यानं करायची सोय आहे: आधी ढोबळ, मग बरा, मग पुरा अंदाज. पहिल्या तालमीत मी हे विसरलो होतो. चार मिनिटांत होणारं दिवसअखेरचं काम चाळीस मिनिटं झाली तरी गुरगुरतच होतं.

पासवर्डची गोष्ट थोडी चकवणारी. १४ व्या आवृत्तीपासून पासवर्ड साठवायची मूळ पद्धत 'एमडी-५' जाऊन 'स्क्रॅम' झाली. अपग्रेडमध्ये जुने पासवर्ड जुन्याच रूपात येतात. नव्या सर्व्हरच्या प्रवेशाच्या नियमांत 'फक्त स्क्रॅम' लिहिलं असेल तर बरोबर पासवर्ड टाकूनही दार उघडत नाही. पासवर्ड पुन्हा दिला की प्रश्न मिटतो. पण समोरचा जावा प्रोग्रॅम डेटाबेसशी ज्याच्यामार्फत बोलतो तो ड्रायव्हर जुना असेल, ४२.२.० च्या आधीच्या, तर त्याला स्क्रॅम कळतच नाही. म्हणजे डेटाबेस बदलायला गेलात आणि घोडं ड्रायव्हरवर अडलं.

आणि आपल्याकडची खास डोकेदुखी: युनिकोडच्या आधीचा मराठी मजकूर. नव्वदीत आणि त्यानंतरही बरीच वर्षं कचेऱ्यांत मराठी टंकलं गेलं ते श्रीलिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत. त्यात साठवली जातात ती भलतीच चिन्हं, फॉन्ट काढून घेतला की 'पाटील'च्या जागी निरर्थक लॅटिन अक्षरं दिसतात. पोस्टग्रेसला त्याचं सोयरसुतक नाही, बाइट ते बाइट. डेटाबेस 'एसक्यूएल-आस्की' या मांडणीत असेल तर तो काहीही पोटात घेतो. पण तो डंप करून युटीएफ-८ च्या, म्हणजे युनिकोड मांडणीच्या, नव्या डेटाबेसात भरायला गेलात की पहिल्याच वेड्यावाकड्या बाइटला तो थांबतो. "अपग्रेड करतोच आहोत तर मराठीही युनिकोड करून टाकू" असं बैठकीत कोणीतरी म्हणतंच. माझं उत्तर ठरलेलं: दोन वेगळ्या महिन्यांत करू. एका रात्रीत दोन बदल केले आणि सकाळी काही चुकलं तर दोघांपैकी कोण दोषी, हे शोधण्यातच दिवस जातो. सांगतोय कोण? ज्यानं मशीन आणि आवृत्ती एका रात्रीत बदलली तो.

परतीची वाट आणि दोनदा उघडलेली खाती

फोन ठेवल्यावर पहिला विचार आला तो परत फिरण्याचा. जुनं मशीन जसंच्या तसं बंद करून ठेवलेलं होतं, वायर जोडली की चालू. पण सकाळी सव्वानऊपासून पावत्या फाटत होत्या. परत फिरायचं तर त्या सगळ्या जुन्यावर हातानं चढवायच्या. नव्या आवृत्तीचं दप्तर जुन्या दिवाणजीला वाचता येत नाही, मागे जायचं साधन पोस्टग्रेसकडे नाही. परतीची वाट खरं तर पहिल्या पावतीलाच बंद झालेली असते. म्हणून ती वाट धरायची की नाही हे रविवारी संध्याकाळी ठरवायचं असतं, सोमवारी अकराला नाही.

पुढेच जायचं ठरलं. मॅडमना सांगितलं, "खातेदारांना नावावरून शोधून पैसे द्या, आणि तासभर पिग्मीच्या नव्या नोंदी थांबवा." जेवणाच्या सुट्टीत रीइंडेक्स लावलं. बाकी टेबलं सुरळीत झाली, पिग्मीच्या टेबलावर अडलं. सर्व्हर म्हणाला, एकच नंबर दोनदा आहे, तर 'नंबर एकमेव असावा' हा इंडेक्स मी बांधू कसा?

दोनदा कसा येईल? तो येऊ नये म्हणून तर तो इंडेक्स होता. पण 'हा नंबर आधी आहे का' हे सर्व्हर त्याच सूचीत बघतो. सकाळी एजंटांनी आपल्या हातातल्या मशीनमधली वसुली चढवली. आमचा प्रोग्रॅम आधी खातं शोधतो, सापडलं तर रक्कम जमा करतो, नाही सापडलं तर नवीन खातं उघडतो. सूची म्हणाली नाही. प्रोग्रॅमनं खातं उघडलं. सूचीनं पुन्हा चुकीच्या जागी पाहिलं आणि हरकतही घेतली नाही. अशी अकरा खाती निघाली, सगळ्यांवर त्या दिवसाचीच वसुली.

ती शोधून काढायला सूची बंद ठेवून, सगळी वही उलटत, नंबरांची मोजणी करावी लागली. मग प्रत्येक जोडीत नव्या खात्यावरची रक्कम जुन्यावर वळवली, नवं खातं रद्द केलं, अकरा जमाखर्ची व्हाउचरं बनवली आणि व्यवस्थापकांच्या सह्या घेतल्या. पावणेचारला रीइंडेक्स पूर्ण झालं. १२-७ चे खातेदार तोवर पैसे घेऊन कधीच गेले होते. त्या अकरातल्या एका खात्याच्या एजंटनं मात्र संध्याकाळी येऊन विचारलं, "माझ्या मशीनवर आज नवीन खातं उघडल्याचा मेसेज आला होता, त्याचं कमिशन मिळणार ना?"